उतरलेल्या पट्टीतला अल्बम : तुमचा अनुभव सांगा

गेल्या आठवड्यात वडिलांना नेब्युलायझर लावला होता. ते यंत्र दहा-बारा मिनिटं घरघरतं, तेवढा वेळ काढायला मी मोबाइलवर लेनर्ड कोहेनचा 'यू वाँट इट डार्कर' लावला. वडील ८१ वर्षांचे, सगळी नोकरी औरंगाबादेत झाली (संभाजीनगर म्हणायची सवय त्यांना अजून लागायची आहे), इंग्रजी गाण्यांशी संबंध शून्य. मास्क काढल्या काढल्या विचारलं, "ह्यालाबी दमाच आहे का गं?"

दमा नव्हता. मणके दबून मोडले होते. कोहेन कॅनडातल्या माँट्रियलचा, जन्म १९३४ चा. आधी कवी आणि कादंबरीकार, गायक म्हणून पहिला अल्बम तेहतिसाव्या वर्षी. हा शेवटचा करायच्या वेळी स्टुडिओपर्यंत जाणं होईना, म्हणून मुलगा ॲडम यानं लॉस एंजेलिसच्या घरातच जेवणाच्या टेबलावर माइक मांडला, लॅपटॉप जोडला, बापाला पाठीच्या दुखण्यासाठीच्या खुर्चीत बसवलं आणि गाऊन घेतलं. २१ ऑक्टोबर २०१६ ला अल्बम आला. ७ नोव्हेंबरला कोहेन गेला, ८२ व्या वर्षी.

हे सगळं वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पोरगं गुणाचं आहे." गाण्याबद्दल एक शब्द नाही.

म्हणून हा धागा. परीक्षण नको, तारे देऊ नका. कुठं ऐकलात, शेजारी कोण होतं, हातात काय काम होतं, ते लिहा. दुसऱ्या कोणा वयस्क गायकाचा उतारवयातला अल्बम असेल तरी चालेल. आवडला नसेल तर तेही लिहा.

दारं_धरणारा, परभणी

मी ऐकला गव्हात. आमच्या फीडरला थ्री फेज (पाण्याची मोटार चालवणारी वीज) आठवड्यातले काही दिवस रात्रीच असते. हेडफोन एकाच कानात घालतो, दुसरा कान पाण्याला आणि जनावराला मोकळा ठेवावा लागतो. (जनावर म्हणजे लांबडं. रात्री नाव घेत नाहीत.)

आमचा एक वाफा भरायला एक गाणं लागतं, हा हिशोब मला त्या रात्री कळला. नऊ गाणी, नऊ वाफे. नवव्याला नुसत्या तंतुवाद्यांचं सुरू झालं. कोहेनबाबा काही बोलेना. मला वाटलं संपला अल्बम, म्हणून फावडं खांद्यावर टाकून बांधावर निघालो, आणि पार शेवटाला तो दोन-चार ओळी बोलला. एवढा दचकलो की बॅटरी पाण्यात पडली.

रांगेतला, लातूर

११ नोव्हेंबर २०१६. तारीख विसरणं शक्य नाही. नोटबंदी होऊन तीन दिवस झाले होते, सोयाबीनचे पैसे पाचशे-हजारात घरात पडलेले, आणि मी सकाळी सहापासून बँकेच्या शटरसमोर. त्याच साली एप्रिलात आम्ही मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलो होतो, त्यामुळं रांगेत कसं उभं राहायचं हे लातूरकरांना शिकवायची गरज नव्हती. चपला ठेवायच्या आणि सावलीला बसायचं.

फोनवर बातमी दिसली. तोंडातून "अरेरे" निघालं असणार. मागचे काका म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?"

"एक गाणं म्हणणारा, काका."

"आपला?"

"नाही, तिकडला."

"वय?"

"ब्याऐंशी."

"मग सोनं झालं की रे," म्हणाले, आणि माझ्या चपलेच्या पुढं आपली चप्पल सरकवली.

अल्बम मी नंतर ऐकला, पण तो वाजला की मला अजून ते शटर दिसतं. एक गंमत सांगतो. अल्बम यायच्या थोडं आधी एका मुलाखतीत तो म्हणाला होता की मी मरायला तयार आहे. बोभाटा झाला. मग आठवडाभरात लोकांसमोर येऊन म्हणाला, ते जरा जास्तच बोलून गेलो, मला नाट्य करायची सवय आहे, माझा विचार कायम जगायचा आहे. आमच्या आजोबांचं अगदी असंच होतं. सकाळी बोलावणं आलंय म्हणायचे आणि संध्याकाळी नवीन धोतर आणायला सांगायचे.

झीलकरी, अंबाजोगाई

मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, त्यामुळं माझं ऐकणं पट्टीपासून, म्हणजे सूर किती उंच धरलाय तिथून सुरू होतं. माणूस तरुणपणी काळी दोनमध्ये गातो, पन्नाशीला काळी एक म्हणतो, आणि सत्तरीनंतर पेटीवाल्याकडं नुसतं बघतो. आपण ओळखून खाली घ्यायचं. त्यात कमीपणा नसतो. वरचा सा हट्टानं गाठायला जाऊन चिरकणारे बुवा मी पाहिलेत, सप्ताहात पोरं मान खाली घालून हसतात.

कोहेननं हट्ट केलेला नाही. आवाज इतका खाली नेलाय की चाल जवळपास उरतच नाही, बोलणंच आहे. मग चाल कोण धरतं? त्याच्या माँट्रियलच्या सिनेगॉगमधली मंडळी. शार हशोमायिम हे त्याच्या घराण्याचं ज्यू प्रार्थनास्थळ, त्याचे आजोबा-पणजोबा तिथले अध्यक्ष. लहानपणी ज्या भिंतींत त्यानं प्रार्थना ऐकल्या, तिथल्याच पुरुषांचा कोरस पहिल्या गाण्यात मागं उभा आहे, आणि तिथले मुख्य गायक गिडियन झेलरमायर शेवटाला आवाज लावतात. आपल्याकडं याला झील म्हणतात. बुवा थकले की टाळकरी चरण उचलून धरतात, तेवढ्यात बुवा घोटभर पाणी पितात. इथं तेच झालंय, फक्त टाळ नाहीत.

त्या गाण्यात 'हिनेनी' असा एक हिब्रू शब्द येतो. देवानं हाक मारल्यावर अब्राहामनं दिलेलं उत्तर, "मी इथं आहे". मला सरळ 'हजर' ऐकू येतं. आमचे जुने गायक देवळात गायला जाताना 'कार्यक्रम आहे' म्हणत नाहीत, 'हजेरी लावायची आहे' म्हणतात. त्या शब्दापाशी मी मोबाइल थांबवला आणि परत मागं नेला. तीनदा.

एक तक्रार आहे. तालाचं काम फार साधं आहे. पखवाजाचा कान असलेल्याला मधली गाणी सपाट वाटतील.

ऊसफड, बीड

मला नाही आवडला. स्पष्टच लिहितो. माणूस ८२ व्या वर्षीही अंधारच मागतो म्हणजे काय? आमच्याकडं अंधार मागावा लागत नाही, तो आपणहून येतो. मला त्याचा २०१२ चा 'ओल्ड आयडियाज' पटतो. आयुष्याची पुंजी हातची गेली म्हणून ७३ व्या वर्षी परत स्टेजवर उभं राहिलेला माणूस होता तो, त्यात खट्याळपणा शिल्लक होता.

आणि २०१६ चंच बोलायचं तर ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचा 'ब्लॅकस्टार' घ्या. ८ जानेवारीला, त्याच्या एकोणसत्तराव्या वाढदिवसाला आला आणि १० तारखेला तो गेला. कॅन्सर कोणाला कळू दिला नव्हता. सोबतीला न्यूयॉर्कचे जॅझवाले, वाद्यं कशी उसळतात त्यात! मरायचं तर असं.

झीलकरी, अंबाजोगाई

@ऊसफड, 'मागतो' नाही हो. तो वर बघून विचारतोय, तुला आणखी अंधार हवाय का म्हणून. कर्ता बदलला की सगळंच बदलतं. बाकी 'ब्लॅकस्टार'बद्दल मान्य.

ऊसफड, बीड

बरं. परत ऐकतो. पण आवडेलच असं नाही.

बी_बियाणं, जालना

माझा अनुभव अल्बमचा कमी आणि पायपिटीचा जास्त आहे. कोहेन १९९० च्या दशकात पाचेक वर्षं कॅलिफोर्नियातल्या माउंट बाल्डीच्या झेन मठात राहिला, १९९६ मध्ये त्याला तिथं दीक्षाही मिळाली. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. तिथून बाहेर पडल्यावर १९९९ मध्ये तो मुंबईत येऊन राहिला, हे मला फार उशिरा कळलं. केम्प्स कॉर्नरजवळच्या साध्या हॉटेलात उतरायचा आणि रोज सकाळी रमेश बाळसेकरांच्या घरी सत्संगाला जायचा. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियाचे निवृत्त जनरल मॅनेजर, आणि निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. महाराज गिरगावात खेतवाडीत राहायचे, विड्यांचं दुकान होतं, बोलायचे मराठीत. परदेशी पाहुण्यांना ते इंग्रजीत सांगणाऱ्यांपैकी बाळसेकर एक.

तर कंपनीच्या कामाला मुंबईला गेलो असताना एका दुपारी हातात फुटाण्याची पुडी घेऊन खेतवाडीत हिंडलो. कानात हा अल्बम. एका गल्लीत दुचाक्या इतक्या की आडवं होऊन जावं लागलं. बघण्यासारखं काही सापडलं नाही. एका आजोबांनी विचारलं, "कोण पाहिजे?" मला उत्तर देता आलं नाही.

महाराजांच्या परंपरेत दासबोध वाचतात, आणि समर्थांचा जन्म आमच्या जिल्ह्यात, जांबेचा. म्हणजे कोहेन आमच्या घनसावंगी तालुक्याचा लांबचा पाहुणा, असं मी गाडीत बसल्यावर जुळवून टाकलं. बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, जेवलात का.

डावा_कान, हिंगोली

एसटीच्या वर्कशॉपला ३१ वर्षं काढली. इंजिनच्या आवाजानं डावा कान गेला. त्यामुळं अमेरिकन गायक पॉल सायमनच्या 'सेव्हन साम्स'ची बातमी वाचली तेव्हा गाण्याच्या आधी मला त्याचा कानच दिसला. हा अल्बम करत असताना त्याचंही डाव्या कानानं ऐकणं बरंचसं गेलं. १९ मे २०२३ ला आला, तेव्हा तो ८१ चा. सात भाग, पण मध्ये कुठं तोडलेलं नाही, तेहतीस मिनिटं एका दमात ऐकायचं. म्हणे स्वप्नात सूचना आली, हे काम कर म्हणून, मग पहाटे उठून शब्द लिहायचा.

मी एकाच कानानं ऐकतो, तर स्टिरिओत गिटार डावीकडं ठेवलेली असेल तर मला ती मिळतच नाही. नातीनं मोबाइलमध्ये काहीतरी करून दोन्हीकडचं एका कानात आणून दिलं. मोनो म्हणतात त्याला. तिला विचारलं, काहून आधी नाही सांगितलं? तर म्हणे, तुम्ही विचारलं का? त्या दिवशी अर्ध्यावर कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तरी उठलो नाही. भात करपला.

केळीबाग, नांदेड

@डावा_कान, करपल्या भाताला पूर्ण माफी.

मी जरा लांबट लिहिणार आहे. टेबलावरच्या माइकची गोष्ट मी २०१७ मध्ये वाचली. तेव्हा आमची आजी अर्धापूरला होती, नव्वदीच्या आसपासची, खुब्याचं हाड मोडून पलंगाला खिळलेली. तिला जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे कोणालाच नीट माहीत नव्हतं. ॲडमनं केलं ते आपण का नाही, असं डोक्यात बसलं आणि शनिवारी गेले.

पहिल्या दिवशी ती गायलीच नाही. "जातं कुठं आहे? हात रिकामा असल्यावर ओवी कशी येईल माय?" जातं मागं न्हाणीपाशी पडलेलं, वरची तळी फुटलेली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या हातात पितळी तांब्या दिला. तिनं तो गादीवर उपडा ठेवला आणि तळहातानं गोल फिरवायला लागली. घासल्याचा बारीक आवाज. मग तिचा हात लयीत आला, आणि मागून आवाज आला.

बाईचा आवाज इतका खाली जातो हे मला माहीत नव्हतं. अर्धे शब्द श्वासातच. मोबाइल मी उशीवर ठेवला होता. पंखा बंद केला तर तिला घाम यायचा, म्हणून चालूच ठेवला, आणि आता प्रत्येक ओवीच्या मागं तो कटकट करतो. आई दारात उभी होती. एका ओवीत आजी अडली, दुसरी ओळ आठवेना. आई दारातूनच ती ओळ म्हणाली. मला धक्काच बसला, आईला ओव्या येतात हे मी तोवर कधी ऐकलंच नव्हतं. आजीनं मान हलवली, पुढची ओवी उचलली, आणि आईनं तिथून झील धरली. (हा शब्द आज वरच्या प्रतिसादात वाचला. तेव्हा नाव माहीत नव्हतं.)

एकूण चौदा ओव्या झाल्या. त्यातल्या तीन मला अजून नीट लागत नाहीत.

आजी पुढच्या पावसाळ्यात गेली. आता भांडण असं आहे की भाऊ म्हणतो, पंख्याचा आवाज काढून टाकू, मागं तानपुरा, हलकी पेटी घालू. तो दाखला कोहेनचाच देतो. बाप गेल्यावर ॲडमनं उरलेल्या आवाजावर वाद्यं चढवून नोव्हेंबर २०१९ मध्ये 'थँक्स फॉर द डान्स' काढलाच ना! मी तो ऐकलाय, चांगला आहे, नेटका आहे. पण त्याच्या बापानं मागं काहीतरी घालायला ठेवून दिलं होतं. आजीनं तसं काही ठेवलेलं नाही. मी अजून फाइल दिलेली नाही.

झीलकरी, अंबाजोगाई

पंखा राहू द्या. पेटी तर मुळीच नको, हे पेटीवालाच सांगतोय. त्या तीन ओव्या आईंना ऐकवल्या का?

केळीबाग, नांदेड

ऐकवल्या. एक लागली. दुसऱ्या दोन तिच्या माहेरच्या नाहीत म्हणते, मावशीआजीला विचार. उमरीला जायचंय.

धागाकर्ती, छत्रपती संभाजीनगर

सगळे प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवले. लातूरच्या काकांवर हसता हसता खोकल्याची उबळ आली. खेतवाडीचं परत वाचायला लावलं. अंबाजोगाईचं ऐकून काही बोलले नाहीत.

आज दुपारी यंत्र लावलं तर स्वतःहून म्हणाले, "लाव त्या तुझ्या हजेरीवाल्याला." पहिलं गाणं संपता संपता लाईट गेली. यंत्र बंद पडलं, मोबाइल चालूच. मी मास्क काढायला गेले तर हातानं थांबवलं. मास्क तसाच तोंडावर धरून बसले. लाईट आली तेव्हा चौथं गाणं चालू होतं.