मुघल चित्रकार हे निव्वळ नकलाकार होते काय?

कुंचला

गेल्या आठवड्यात ‘सरळरेषा’ यांनी येथे असे लिहिले की, मुघल चित्रकला ही इराणकडून उसनी घेतलेली आणि पुढे युरोपातील छापचित्रांवर पोसलेली दरबारी कारागिरी होती. जेझुइट पाद्री आले नसते, तर अकबराच्या चित्रकारांना छायाप्रकाश आणि यथादर्शन, म्हणजे दूरच्या वस्तू लहान काढून खोली भासवण्याची पद्धत, कधीच उमगले नसते. आणि युरोपाने मात्र या व्यवहारातून काहीही घेतले नाही. मी हा विषय सोडून देणार होतो, परंतु त्या लेखाखाली ‘अगदी मनातले बोललात’ असे म्हणणाऱ्यांची रांग लागलेली पाहून राहवले नाही.

पाद्री आले, हे कोणीच नाकारत नाही. १५८० मध्ये गोव्याहून अक्वाव्हिवा आणि मोन्सेरात यांचे पथक फत्तेपूर सिक्रीस पोहोचले आणि अँटवर्पमध्ये छापलेल्या बहुभाषी बायबलचे सचित्र खंड त्यांनी बादशहाला नजर केले. तेथील चित्रकारांनी अशा छापचित्रांच्या नकला केल्या, हेही खरे. अबुल हसनने १६०० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५११ च्या छापचित्रातील संत जॉनची आकृती उतरवून काढली. ते रेखाटन आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. मात्र तेरा वर्षांच्या मुलाच्या सरावाच्या कागदावरून संपूर्ण शैलीचा निकाल लावायचा असेल, तर जगातील कोणताच चित्रकार शिल्लक राहणार नाही. हाच मुलगा पुढे जहांगीराचा ‘नादिर-उझ-जमान’, म्हणजे ‘युगातील अद्वितीय’, झाला.

आता जहांगीराचा दरबारी चित्रकार बिचित्र याचे चित्र पाहा. जहांगीर वाळूच्या घड्याळाच्या आसनावर बसला आहे, त्याच्या मस्तकामागे सूर्यचंद्राचे तेजोवलय आहे, आणि तो हातातील ग्रंथ देतो आहे तो एका सूफी शेखाला. शेखाच्या खाली उस्मानी सुलतान, त्याच्याही खाली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स, आणि अगदी तळाशी हातात चित्र घेतलेला स्वतः चित्रकार. वाळूचे घड्याळ, पंख असलेली बालके आणि जेम्सचा चेहरा ही सारी युरोपीय सामग्री आहे. परंतु ती कशासाठी वापरली आहे? ज्या राजाच्या वकिलाला व्यापाराची सवलत हवी होती, त्या राजाला फकिराच्या खाली उभे करण्यासाठी. यास नक्कल म्हणणाऱ्याने ते चित्र पाहिले असावे, असे मला वाटत नाही.

आणि युरोपाने काही घेतले नाही म्हणता? डच चित्रकार रेम्ब्रांने १६५६ ते १६६१ च्या सुमारास मुघल लघुचित्रांवरून केलेली वीसहून अधिक रेखाटने आज उपलब्ध आहेत, आणि त्यासाठी त्याने महागडा जपानी कागद वापरला आहे. झाडाखाली बसलेल्या चार मुस्लिम वृद्धांचे रेखाटन त्याने केले, आणि १६५६ च्या ‘अब्राहम देवदूतांचे आतिथ्य करतो’ या छापचित्रात जमिनीवर बैठक मारून बसलेल्या माणसांची तीच मांडणी आली. बायबलमधील प्रसंगाला पूर्वेकडील घरगुती बैठकीचे रूप देण्यासाठी डच चित्रकाराला मुघल कागद लागला, ही गोष्ट आपल्या लेखात कुठेच नाही.

सरळरेषा

आपण माझ्या लेखातील सर्वांत कडक वाक्य उचलले आणि उरलेला लेख सोडून दिला. असो. अबुल हसन लहान होता म्हणून त्याला सूट द्यायची असेल, तर जेम्स राजाचा वकील टॉमस रो याचा प्रसंग आठवावा. १६१६ मध्ये रोने आणलेल्या एका छोट्या चित्राच्या जहांगीराने आपल्या चित्रकाराकडून नकला करवून घेतल्या आणि रात्री दिव्याच्या उजेडात त्या मूळ चित्रासह रोपुढे मांडल्या. रोला स्वतःचे चित्र ओळखताना बराच विचार करावा लागला, आणि बादशहा त्यावर भलताच खूश झाला. म्हणजे मुघल दरबारात कौतुक कशाचे होते, तर हुबेहूब नकलेचे. हे मी म्हणत नाही, आपला लाडका जहांगीर म्हणतो.

रेम्ब्रांचे म्हणाल, तर एका कर्जबाजारी, हौशी संग्राहकाच्या घरातील पंचवीस-एक कागद म्हणजे युरोप नव्हे. ती रेखाटने त्याच्या हयातीत किती जणांनी पाहिली? मुघल तसबीरखान्यात मात्र युरोपीय छापचित्रांमुळे दोन पिढ्यांचे काम बदलले. दोन्हींना एकाच तराजूत घालून ‘देवघेव’ म्हणणे हा भाबडेपणा आहे.

ड्रॉइंगमास्तर

मी अनेक वर्षे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुले बसवली आहेत. एका मुलीने एकदा स्मरणचित्रात विहिरीचा काठ वरून आणि पाणी भरणाऱ्या बाया समोरून काढल्या होत्या. चित्र इतके जिवंत होते की मी ते जपून ठेवले असते. परीक्षकांनी मात्र तिला शेवटच्या श्रेणीत ढकलले, कारण रेषा एका बिंदूत मिळत नव्हत्या. ‘यथादर्शन कळले नाही’ हे वाक्य मी तेव्हापासून ऐकत आलो आहे, आणि आज ते अकबराच्या चित्रकारांबद्दलही वाचावे लागत आहे.

अकबराने करवून घेतलेल्या हम्जानामा या सचित्र कथाग्रंथातील वाडे पाहा. अंगण वरून दिसते, भिंत समोरून दिसते, आणि त्यामुळे आत कट शिजवणारा आणि बाहेर पहारा देणारा असे दोघेही एकाच वेळी आपल्याला दिसतात. गोष्ट सांगायची असेल, तर ही रचना एका डोळ्याच्या यथादर्शनापेक्षा अधिक उपयोगी आहे. त्या चित्रकारांनी पुढे पाद्र्यांकडून घेतले ते दूरचे निळसर डोंगर, छोटी होत जाणारी गावे आणि वस्त्रांच्या घड्यांतील सावल्या. एका बिंदूची सक्ती त्यांनी घेतलीच नाही. जे उपयोगाचे वाटले ते घेतले. आमच्या परीक्षामंडळींना तेवढेही सुचत नाही.

डॅन्यूबकाठी

मी व्हिएन्नात राहतो, म्हणून एक गोष्ट सांगतो, आणि ती दोन्ही बाजूंना अडचणीची आहे. येथील शॉनब्रुन राजवाड्यात अठराव्या शतकातील सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या काळातील एक दालन आहे. त्याच्या भिंतींवर मौल्यवान लाकडाच्या तक्त्यांत सोनेरी वळणदार चौकटी बसवलेल्या असून, त्या चौकटींत मुघल लघुचित्रे आहेत. चौकट वेडीवाकडी, म्हणून चित्रे कापली. एक चित्र पुरेना, म्हणून दुसऱ्याचा तुकडा जोडला. पाहुणे आले की मी त्यांना तेथे नेतो, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी ‘किती सुंदर सजावट’ असे म्हणते, आणि मला तेथून निघून जावेसे वाटते.

तेव्हा ‘युरोपाने काही घेतले नाही’ हे सरळरेषा यांचे विधान चुकीचे आहे. घेतले, आणि कात्रीने घेतले. परंतु कुंचला यांना रेम्ब्रांमध्ये जो आदर दिसतो, तो अपवाद होता. रेम्ब्रांच्या त्या चार वृद्धांशी जुळणारे लघुचित्र याच दालनात आहे. एका शतकात ते अभ्यासाचा विषय होते, आणि पुढच्या शतकात भिंतीवरचा कागद झाले.

मावळतीकर

सगळी चर्चा आग्रा आणि दिल्लीभोवती फिरते आहे, आणि दख्खन नेहमीप्रमाणे दाराबाहेर उभे आहे. युरोपाने आपल्याकडून काय नेले, याचा सर्वांत मोठा पुरावा गोवळकोंड्याचा आहे. तेथील चित्रकारांनी रंगवलेले शिवाजी महाराजांचे चित्र अ‍ॅमस्टरडॅमच्या रायक्स संग्रहालयात, विटसेन या डच संग्राहकाच्या चित्रसंग्रहात आहे. ते प्रत्यक्ष पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. महाराज १६७७ मध्ये गोवळकोंड्याच्या कुतुबशहाच्या भेटीसाठी भागानगरला (हैदराबादला) गेले होते, म्हणजे तेथील चित्रकारांनी त्यांना पाहूनच काढले. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्र्यांनी १९३३ मध्ये व्हॅलेन्टाइनच्या डच ग्रंथातील चित्र उजेडात आणले नसते, तर आपण आजही भलताच चेहरा पुजत बसलो असतो.

पुराभिलेख

‘म्हणजे’ या शब्दावर आपण फार मोठी उडी मारली आहे. महाराज भागानगरला गेले, हे खरे. परंतु चित्रकारासमोर ते बसले, याला कागदाचा आधार कोठे आहे? गोवळकोंड्यात अशी चित्रे युरोपीय गिऱ्हाइकांसाठी संचाने तयार होत. बादशहा, सुलतान, सरदार असा सगळा संच एकदम. एका संचावरून दुसरा उतरवला जाई. व्हॅलेन्टाइनच्या ग्रंथातील चित्र तर १७२४ नंतरचे, म्हणजे छापणाऱ्याच्या हातातून पुन्हा एकदा गेलेले. आणि डोळ्यांत पाणी येणे हा पुरावा मानायचा, तर मनूची या इटालियन प्रवाशाच्या ग्रंथातील इब्राहिमखानाच्या चित्रापुढेही, ते महाराजांचेच समजून, लोकांनी तितक्याच भक्तिभावाने हात जोडले होते.

मावळतीकर

आपल्यासारख्यांना सह्याद्री दाखवला, तरी आपण त्याची खरेदीची पावती मागाल. दोन-तीन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत तोच चेहरा आहे. तेच नाक, तीच दाढी. हा काय योगायोग समजायचा?

पुराभिलेख

योगायोग नव्हे. एकाच साच्यातून निघालेले चेहरे जुळायचेच. तथापि तो साचा महाराजांच्या काळातील आणि त्यांच्या राज्याशेजारचा आहे, एवढे मी मानतो, आणि हे मी यापूर्वीही नाकारलेले नाही. आपल्याला भांडायचे असल्यास त्यापुढच्या मुद्द्यावर भांडावे.

कुंचला

दोघांनाही विनंती आहे की, चित्र कोणाचे या वादात ते कोणासाठी काढले गेले हा मुद्दा हरवू नये, कारण माझ्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. डच व्यापाऱ्यांना हिंदुस्थानातील सत्ताधीशांचे चेहरे हवे होते, आणि गोवळकोंड्याच्या बाजाराने ते पुरवले. म्हणजे येथील कलाकार केवळ युरोपाचा माल उचलत नव्हता, तर युरोपाला आपल्याबद्दलची माहितीही आपल्याच शैलीत विकत होता. डॅन्यूबकाठी यांच्या कात्रीबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

इराणचेही कोणी नाव काढत नाही. १६७५ मध्ये मुहम्मद जमान या इस्फहानच्या चित्रकाराने इराणचा बादशहा शाह तहमास्प याच्यासाठी तयार झालेल्या, निझामी या फारसी कवीच्या काव्याच्या पोथीत, म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक जुन्या राजेशाही पोथीत, सावल्या आणि खोली असलेली युरोपीय धाटणीची पाने नव्याने घातली. त्याला जुने पुसायचे नव्हते. जुन्या पोथीत आपलेही पान शोभेल, असा त्याचा विश्वास होता. सरळरेषा यांच्या हिशेबात हाही उसनवारीच्या रकान्यात जाईल, याची मला कल्पना आहे.

सरळरेषा

जाईलच, परंतु वेगळ्या रकान्यात. जेम्स राजाला फकिराखाली उभे करणारा चित्रकार नकलाकार नव्हता, हे मी मान्य करतो. एवढ्यावर आपण सत्यनारायण घालणार असाल, तर अवश्य घालावा. मात्र दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहजहानच्या सिंहासनामागे फ्लॉरेन्समध्ये तयार झालेली, वाद्य वाजवणाऱ्या ऑर्फियसची (ग्रीक पुराणकथांतील गायकाची) जडावाची फरशी जशीच्या तशी बसवली आहे, तिचे काय? तेथे तर कोणी नक्कल करण्याचेही कष्ट घेतले नाहीत. तयार माल आणून भिंतीत घातला.

कुंचला

त्या फरशीभोवतीचे वेलबुट्टीचे जडावकाम येथील कारागिरांचे आहे, आणि ऑर्फियसभोवती शांत बसलेले पशू शाहजहानने न्यायी सुलेमानाच्या, म्हणजे बायबलमधील सॉलोमन राजाच्या, सिंहासनाचे चिन्ह म्हणून वाचले, असे अभ्यासकांनी सप्रमाण मांडले आहे. शिवाय १८५७ नंतर ती फरशी एका इंग्रज अधिकाऱ्याने उपटून लंडनला नेली आणि ती व्हाइसरॉय कर्झनच्या पुढाकाराने परत आली, हेही आपल्या जमाखर्चात कोठेतरी नोंदवावे.

सरळरेषा

ऑर्फियसवर स्वतंत्र धागा काढावा; तेथे मी सविस्तर उत्तर देईन. फक्त तेथे कोणी महाराजांचे नाक मोजत बसू नये.