काल रात्रीच्या लिफ्टबद्दल

ए-३०२: नमस्कार. काल रात्री पावणेबाराला माझा मुलगा मित्राकडून अभ्यास करून आला आणि लिफ्टमध्ये दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये अडकला. आतली बेल बंद. वीस मिनिटं दार बडवत "काका, काका" ओरडत होता. एकही दार उघडलं नाही. एवढंच विचारायचंय, का?

बी-१०४: गच्चीची किल्ली कोणाकडे आहे? मागच्या अमावास्येलाही विचारलं होतं.

ए-२०१: वहिनी, मी ऐकलं. खरं सांगतो, वाटलं पोरांचं परत सुरू झालं. मागच्या वेळी शनिवारवाड्याकडे तोंड करून "काका मला वाचवा"ची रील काढत होती. मी बनियनवर चार मजले चढून गेलो तर वर सगळी फिदीफिदी हसतायत.

ए-३०२: तो "वॉचमन काका" म्हणत होता हो नाना.

ए-२०१: आमच्यापर्यंत "काका" तेवढं आलं.

ए-४०१: आमच्या सासूबाईंनी आतून कडी घातली आणि रामरक्षा म्हणायला बसल्या. मला दाराजवळ जाऊ देईनात. सॉरी गं.

बी-२०२: अहो, जरा तिथी तरी बघा! नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, ऐन गणपतीत, आणि तोही भर दुपारी. अमावास्या आणि रात्रीचे बारा यात आले कुठून?

बी-३०३: सर, दुपारी वाड्यात तिकीट काढावं लागतं. भूत पुण्याचं आहे, फुकटात जाईल तेव्हाच जाणार.

बी-२०२: चेष्टा करा. ज्या दालनांतून तो पळाला ती १८२८ च्या आगीत गेली. आत आता हिरवळ, जोती आणि कारंजं. अठरा वर्षांचं पोर होतं. गारदी मागे लागले तेव्हा चापाजी टिळेकर त्याच्या अंगावर आडवा पडला आणि तिथेच कापला गेला. त्याचं नाव एका तरी रीलमध्ये येतं का?

ए-३०२: सर, तेव्हा निदान एक चापाजी होता. इथे बत्तीस फ्लॅट आहेत.

बी-१०४: गच्चीची किल्ली?

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर टोमणे नकोत. लिफ्टवाल्याला मी १२.०५ ला फोन केला, उचलला नाही. वार्षिक करार संपलाय म्हणून तो येत नाही. करार का संपला हे ज्यांचा मेंटेनन्स एप्रिलपासून बाकी आहे त्यांना विचारा.

बी-३०३: माझ्याबद्दल असेल तर नाव घेऊन बोला. गळतीचं काम झालं की भरतो, लेखी दिलंय.

ए-२०१: गळती त्यांच्याच बाथरूमची आहे. आमच्या विंगचा संबंध नाही, पण राहवत नाही म्हणून लिहिलं.

ए-१०१: वॉचमन कुठे होता?

सेक्रेटरी: गेटबाहेर. आवाज त्यानेही ऐकला. आधीच्या वॉचमनने जाताना त्याला सांगून ठेवलं होतं म्हणे, नारायण दरवाजाकडून आवाज येतो, लक्ष द्यायचं नाही.

बी-२०२: त्या दरवाजातून नारायणरावांचं प्रेत बाहेर नेलं, म्हणून ते नाव. दरवाजा ओरडत नाही.

ए-३०२: शेवटी कोणी बाहेर काढलं हे कोणालाच विचारावंसं वाटलं नाही ना? बी विंगमधल्या पेइंग गेस्ट मुलींनी. शिफ्ट संपवून येत होत्या. मीटररूममधून लिफ्टची चावी आणली, दार उघडलं, एकीने याला खांद्याला धरून खाली घेतलं, दुसरीने बाटलीतलं पाणी पाजलं. मागच्या मीटिंगमध्ये "रात्री उशिरा येतात" म्हणून ज्यांना नोटीस द्यायचं ठरलं, त्याच.

सेक्रेटरी: नोटीस अजून दिलेली नाही. विषय मिनिट्समध्ये आहे, इतकंच.

ए-४०१: एवढ्या रात्री भीती नाही वाटली त्यांना?

ए-३०२: रायपूरच्या आहेत. त्यांना तुमची गोष्ट कोणी सांगितलेलीच नाही.

बी-२०२: आता सांगू नका म्हणजे झालं.

बी-१०४: सगळं वाचलं. गच्चीची किल्ली कोणाकडे, याचं उत्तर अजूनही कोणी दिलेलं नाही. सेक्रेटरींना विनंती.

ए-२०१: तुमच्या मुलाकडे. रील त्याच्याच अकाउंटवर आहे.

बी-१०४: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

सेक्रेटरी: लिफ्टवाला उद्या ११ ला येतोय, रोख मागतोय. तोपर्यंत जिना वापरावा.

ए-४०१: गुरुवारी पाणी आहे का?