मदत हवी आहे: बाबांचं होमोसिस्टीन वाढलंय

आम्ही खानापूरचे. बाबांना टाइप टू मधुमेह, मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) बरीच वर्षं चालू. माळकरी असल्याने मांस-अंडी नाहीतच. हल्ली तळपायाला मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. बेळगावात तपासलं: होमोसिस्टीन 28 (रक्तातलं एक अमिनो आम्ल, ते वाढलेलं असलं की हृदयविकाराचा धोका जास्त दिसतो; साधारण 15 पर्यंत ठीक धरतात), बी-12 जीवनसत्त्व कमी. मेटफॉर्मिनने बी-12 घटतं आणि त्यामुळे होमोसिस्टीन चढतं, हे समजलं. पण बी-जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी होमोसिस्टीनचा आकडा उतरला तरी हार्ट अटॅक टळतोच असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही म्हणे. मग रक्तवाहिन्यांसाठी काय पाहायचं? पायांचा डॉप्लर (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) करावा का? बेळगाव-निपाणीकडे मधुमेहींचे पाय नीट तपासणारे डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? बी-12 ची इंजेक्शनं घेतलेल्यांनी अनुभव जरूर सांगा, फार काळजी वाटतेय.