पात्राची डायरी लिहून पाहिलीय? तुमचे अनुभव सांगा

गोष्ट लिहिताना एखादं पात्र कागदावरून उठतच नाही. त्याची उंची, नोकरी, स्वभाव, सगळं ठरवून झालेलं असतं, पण दारातून आत आलं की ते आपल्याला हवं तेवढंच बोलतं आणि गप्प उभं राहतं. अशा वेळी त्या पात्राच्या हाताने रोजनिशी लिहून बघा, असं बरेच जण सुचवतात. तुम्ही लिहिलीत का? उपयोग झाला की फसलं? फसलेलं जरूर सांगा, त्यातून जास्त कळतं. सुरुवात मीच करते.

माझ्या कादंबरीत वसतिगृहाची एक रेक्टर आहे. पहिल्या तीन खर्ड्यांत ती नुसती खाष्ट होती, बाकी काही नाही. मग तिची डायरी लिहायला घेतली. रोज एक नोंद, जास्तीत जास्त पाच ओळी. ही बाई मन मोकळं करणाऱ्यातली नाही, एवढं मला माहीत होतं. त्यामुळे नोंदी अशा व्हायच्या:

‘मंगळवार. तिघी उशिरा. नावं लिहून घेतली. जिन्यातला दिवा पुन्हा गेला. ४२ आत. कुलूप साडेनऊला.’

असे सोळा दिवस. मलाच कंटाळा यायला लागला. सतराव्या दिवशी हात चुकला आणि ‘४३ आत’ असं लिहून गेले. खोडायला पेन टेकवलं आणि थांबले. रोज मोजणारी बाई अशी चुकेल? मग त्रेचाळिसावी कोण? बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले, तेव्हा लक्षात आलं की तिने स्वतःला धरलंय. कुलूप ती आतून लावते. इतकी वर्षं रोज रात्री तीही आतच असते. कादंबरीत तो आकडा कुठेच आलेला नाही. पण पुढच्या प्रसंगात मुलीवर ओरडण्याआधी तिने हातातली किल्ली पदराआड घेतली, आणि ते मी आधी ठरवलेलं नव्हतं.

•

मी उलट्या बाजूने गेलो. पात्राची डायरी लिहिण्याऐवजी स्वतःचीच २००८ सालची काढली. त्या वर्षी सगळ्यात जवळच्या मित्राशी माझं कायमचं फाटलं. त्या तारखेला काय लिहिलंय ते बघितलं, तर शर्टाच्या खिशात पेन कसं गळलं यावर पाऊण पान! डाग किती मोठा, कोणी काय उपाय सांगितला, किती वेळा धुतला. मित्राचं नाव एकदाही नाही.

त्या सुमारास माझ्या कथेतला नवरा, बायको निघून गेल्यावर, दोन पानं आतल्या आत झुरत होता. दोन्ही पानं काढून टाकली. आता तो गळक्या नळाचा वायसर बदलतो. बसत नाही, म्हणून पुन्हा काढतो. वाचणाऱ्यांना रडू त्या वायसरपाशी येतं, असं ते सांगतात.

•

नाटकवाल्यांकडे हे जुनंच आहे. रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीचा ‘जर’ तिथे सगळ्यांना माहीत असतो: या परिस्थितीत जर मी असतो, तर काय केलं असतं? माझी अडचण अशी की त्या ‘जर’मधून दर वेळी मीच बाहेर यायचो. एका नाटकात मला चार वाक्यांची भूमिका होती, वाईट बातमी घेऊन येणाऱ्या माणसाची. दिग्दर्शकाने त्याची डायरी लिहून आणायला सांगितली. मी चांगली आठ पानं भावनेने ओथंबलेली नेली. त्यांनी चाळली आणि एवढंच विचारलं, ‘हा माणूस हे उभ्याने लिहितो की बसून?’

उत्तर नव्हतं. घरी जाऊन खरोखरच उभ्याने लिहिलं, वही भिंतीला टेकवून. वाक्यं आपोआप तुटली, अक्षर वाकडं आलं, अर्ध्या पानात आटोपलं. प्रयोगात त्याला खुर्ची दिली जाते. मी शेवटपर्यंत बसलो नाही.

•

माझं फसलेलं. पाच पात्रांच्या पाच वह्या, आठ महिने, आणि कादंबरीचं एकही प्रकरण नाही. डायरी लिहिणं सोपं असतं हो. तिथे समोर कुणी उलट बोलायला नसतं, त्यामुळे रोज काहीतरी लिहिल्याचं समाधान मिळतं आणि काम तिथल्या तिथे राहतं. पुढे एका मैत्रिणीला नावं झाकून पाचही वह्यांतले उतारे वाचायला दिले. ती म्हणाली, ‘या बाईला झोपेचा त्रास आहे का?’ या बाईला, म्हणजे एकीलाच! पाचही जण रात्री जागून स्वतःबद्दल विचार करत होते, कारण मी तेच करत होते.

नंतर मी डायरी हा प्रकारच वाटून टाकला. एकाला फक्त हिशेबाची वही दिली. एकीला फोनमध्ये लिहून न पाठवलेले मेसेज. एकाला काहीच नाही, त्याच्याबद्दल इतर चौघे काय लिहितात तेवढंच. तो सगळ्यात चांगला उतरला. याचा मला अजून थोडा राग आहे.

•

वरच्या अनुभवात थोडी भर. डायरी कुणाला उद्देशून आहे, हे ठरवलं की आवाज वेगळे होतात. अ‍ॅन फ्रँकने १९४२ मध्ये डायरी सुरू केली आणि पुढे ती ‘किटी’ या काल्पनिक मैत्रिणीला लिहीत गेली. मार्च १९४४ मध्ये तिने रेडिओवर ऐकलं की युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या आणि पत्रं गोळा केली जाणार आहेत, आणि दोनएक महिन्यांत तिने आधीचं सगळं नव्याने लिहायला घेतलं. वाचणारा कुणीतरी असणार, एवढं कळल्याबरोबर लिहिणारी बदलली. म्हणून मी पात्राला आधी विचारतो, ही वही कोणाच्या हाती लागलेली तुला चालेल आणि कोणाच्या नाही?

दुसरं, डायरीतला ‘मी’ पुस्तकात आलाच पाहिजे असं नाही. दस्तयेवस्कीने ‘क्राइम अँड पनिशमेंट’ आधी खुन्याच्याच तोंडून, कबुलीजबाबासारखं लिहायला घेतलं होतं. १८६५ च्या नोव्हेंबरअखेर लिहिलेलं जाळून त्याने नव्याने सुरुवात केली आणि कादंबरी शेवटी तृतीयपुरुषात आली. तरी वाचताना आपण त्या माणसाच्या डोक्यात अडकल्यासारखे होतो. मी माझ्या एका पात्राची तीस पानी डायरी कादंबरीत जशीच्या तशी घातली होती. संपादकांनी समासात ‘हे तुमच्यासाठी होतं’ असं लिहून परत पाठवली. दोन दिवस जेवण गेलं नाही. बरोबर होतं त्यांचं.

•

माझं पात्र सहा वर्षांचं आहे, ते कुठली डायरी लिहिणार! मग डाव्या हाताने त्याची चित्रं काढली. घर, झाड, कुत्रा. वडील दर वेळी कागदाच्या कडेला आले आणि अर्धे कापले गेले. पुढची कथा तिथून मिळाली.

•

माझा अनुभव जरा गमतीचा आहे. नायिकेची वही मी टेबलावर उघडी विसरले. आईने वाचली. त्या दिवशीची नोंद होती: ‘या घरात आता श्वास घेता येत नाही. महिनाअखेर निघायचं.’ अक्षर माझं, घर तिचं. आई दोन दिवस माझ्याशी नेमकं तेवढंच बोलली जेवढं पाहुण्यांशी बोलते. तिसऱ्या दिवशी मी खोदून विचारलं, तेव्हा प्रकार कळला. कितीही समजावलं तरी तिला पटेना. ‘हे तुझं नाही, मग तुझ्या हातून कसं आलं?’ याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. आता वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात पात्राचं नाव लिहिते.

पण आईची त्या बाईत गुंतवणूक झाली ती झालीच. अधूनमधून विचारते, ‘गेली का गं ती?’ मी म्हटलं, अजून ठरत नाहीये. त्यावर भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘जाईल. पण कपाटाची किल्ली बरोबर नेईल, बघ. आणि मग बसमध्ये तिच्या लक्षात येईल.’