पेट्रोल की डिझेल पिकअप: रस्त्यावर खरं अ‍ॅव्हरेज किती पडतं?

रानवाट
पूर्ण आकाराचा डबल कॅब पिकअप घ्यायचा आहे. एकाच मॉडेलमध्ये २.७ लिटर टर्बो पेट्रोल आणि ३.० लिटर टर्बो डिझेल अशी दोन इंजिनं आहेत. वर्षाला २०,००० किमी होतील. निम्मं हायवेवर, हौदा रिकामा. बाकी बहुतेक गावातल्या गावात. महिन्यातून दोनदा सव्वादोन टनांचा बंद ट्रेलर ओढायचा आहे. कागदावर डिझेल पुढे दिसतं. प्रत्यक्षात फरक किती उरतो आणि तो कुठे मिळतो?

इंधनवही
अशीच जोडी २०१८ च्या फोर्ड एफ-१५० मध्ये होती, म्हणून तिचेच आकडे घेतो. अमेरिकेतल्या पर्यावरण संस्थेच्या (ईपीए) रेटिंगनुसार टू-व्हील ड्राइव्ह २.७ पेट्रोल शहरात २०, हायवेला २६, एकत्रित २२ मैल प्रति गॅलन. ३.० डिझेल अनुक्रमे २२, ३०, २५. एकत्रित आकडा आपल्या भाषेत ९.४ आणि १०.६ किमी प्रति लिटर. म्हणजे डिझेल साधारण १४ टक्के पुढे.

पण हे १४ टक्के सगळे इंजिनाचे नाहीत. डिझेलचा एक लिटर सुमारे ८३५ ग्रॅम भरतो, पेट्रोलचा ७४५. ऊर्जा पाहिली तर लिटरमागे डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल, पेट्रोलमध्ये ३२. बारा टक्क्यांचा फरक तिथेच झाला! रिकामी गाडी चालवताना आजचं लहान टर्बो पेट्रोल इंजिन डिझेलच्या फारसं मागे नाही.

खर्चाचं गणित यातूनच निघतं. तुमच्याकडे डिझेलचा लिटर पेट्रोलपेक्षा १४ टक्क्यांहून महाग असेल, तर रिकाम्या गाडीला इंधनात काहीच वाचत नाही. भाव सारखे असतील तर २०,००० किमीला पेट्रोल सुमारे २,१४० लिटर लागेल, डिझेल १,८८०. म्हणजे २६० लिटर वाचले. त्यातून यूरियाचं द्रावण वजा करा, जे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला डिझेल गाडीत वेगळं भरावं लागतं. ते डिझेलच्या दोन ते पाच टक्के लागतं. तीन धरलं तर वर्षाला ५५ लिटर.

एक गोष्ट पेट्रोलच्या विरुद्ध जाते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असेल तर लिटरमागची ऊर्जा साडेतीन टक्क्यांनी घटते, २० टक्के असेल तर साडेसहाच्या आसपास. तितकं अ‍ॅव्हरेज खाली येणारच.

दंतचक्र
वरचं गणित रिकाम्या गाडीचं. ट्रेलर लावला की चित्र बदलतं.

टर्बो पेट्रोलला चढावर सतत बूस्ट (टर्बोनं दाबून भरलेली जादा हवा) द्यावा लागतो. तिथे नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारे ठोके) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगीची वेळ मागे ओढतो. तरीही एक्झॉस्टचं तापमान मर्यादेबाहेर जाऊ लागलं, तर टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवायला मिश्रण गडद करतो, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. नेहमी एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा असते, ती १२-१३ पर्यंत उतरते. हे जादा पेट्रोल ताकदीसाठी नाही, थंडाव्यासाठी जळतं. डिझेलला ही अडचण नाही. ते लोडवरही हवा जास्त ठेवूनच चालतं, आणि खालच्या आरपीएमला टॉर्क असल्यामुळे गिअरबॉक्स वारंवार खाली येत नाही.

उंच, सपाट तोंडाचा ट्रेलर मागे असेल तर रिकाम्या गाडीचं अ‍ॅव्हरेज निम्म्यावर येणं नेहमीचंच. पेट्रोल निम्म्याच्याही खाली जातं, डिझेल जरा वर राहतं. पण बंद ट्रेलरला वजनापेक्षा समोरचं क्षेत्रफळ जास्त खातं. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो: १०० ऐवजी १२० ने गेलात की ४४ टक्के जास्त. ट्रेलर मागे असताना वेग ९०-९५ वर धरला तर जे वाचेल, ते इंजिन बदलूनही वाचणार नाही.

घेताना अ‍ॅक्सल रेशो विचारा, म्हणजे चाक एकदा फिरायला प्रॉपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो ते. बाकी सगळं सारखं असताना ३.७३ ला ३.३१ पेक्षा त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाला सुमारे १३ टक्के जास्त आरपीएम लागतात. दोन गाड्यांचे आकडे शेजारी ठेवताना हे बघितलंच जात नाही, आणि मग दोष इंजिनावर येतो.

नोझल
मला काळजी तुमच्या गावातल्या फेऱ्यांची वाटते. डिझेलच्या एक्झॉस्टमधला फिल्टर, म्हणजे डीपीएफ, काजळी साठवतो आणि साधारण ३०० ते ८०० किमीला ती जाळतो. त्यासाठी फिल्टर ६०० अंशांच्या आसपास न्यावा लागतो, म्हणून इंजिन जादा डिझेल फवारतं. पंधरा-वीस मिनिटं सलग चाललात तर काम पुरं होतं. पाच किमीवर गाडी बंद केली की जाळलेलं डिझेल वाया, काजळी तशीच, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. मग दोन वेळा काजळी जाळण्यातलं अंतर १५०-२०० किमीवर येतं आणि डिझेलची आघाडी तिथेच संपते.

रिजनरेशन (ही काजळी जाळणं) चालू असल्याच्या खुणा: आयडल थोडं चढलेलं, तात्कालिक अ‍ॅव्हरेज कारण नसताना पडलेलं, गाडी बंद केल्यावरही फॅन फिरत राहणं, करपट गरम वास. अशा वेळी थांबू नका, हायवेला एक फेरी मारा.

दर आठवड्याला सपाट जागी डिपस्टिक बघा. डिझेलच्या गाडीत ऑइलची पातळी वाढत असेल तर आनंद मानू नका. अर्धवट रिजनरेशनचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून संपमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीत, उतरतंय. वरच्या खुणेच्या पुढे गेली तर ऑइल लगेच बदला, नाहीतर बेअरिंग जातील.

दुसरा लपलेला चोर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटचा प्रवाह तापमानानुसार सोडणारी झडप. तो उघडा अडकला तर कूलंट नीट तापत नाही, आणि साधारण ७० अंश ओलांडल्याशिवाय बरीच इंजिनं रिजनरेशन सुरूच करत नाहीत. अ‍ॅव्हरेज हळूहळू पडतं, दिवा मात्र उशिरा लागतो. इंजेक्टरला हात लावण्याआधी स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघा.

रानवाट
खूप उपयोगी. टेस्ट ड्राइव्हला डिझेलच्या स्क्रीनवर ११.२ दिसलं. विश्वास ठेवावा का? आणि कंपनीचे २६५/७० आर१७ काढून २८५/७० टाकायचा विचार आहे.

इंधनवही
स्क्रीन इंजेक्टरच्या वेळेवरून अंदाज करते आणि बहुधा गोड बोलते. फुल्ल टू फुल्ल मोजा, पण नीट. डिझेलला फेस येतो आणि नोझल लवकर कट होतो. ८० लिटरला ३ लिटरची चूक म्हणजे जवळजवळ चार टक्के, तुमचा पेट्रोल-डिझेल फरक चौदाच आहे. तोच पंप, नोझल हळू वेगावर, पहिल्या कटला थांबायचं. लागोपाठ पाच टाक्यांचे किमी आणि लिटर एकत्र करून भागा. एका टाकीचा आकडा धरू नका. तिच्यात रिजनरेशन एकदा झालं की तीनदा, हे कळत नाही.

टायरचा व्यास ८०३ मिमीवरून ८३१ होईल, साडेतीन टक्के मोठा. ओडोमीटर तेवढं कमी मोजेल, म्हणून दाखवलेल्या किमीला १.०३५ ने गुणा. त्यानंतरही जे अ‍ॅव्हरेज पडलेलं दिसेल, ते टायरच्या वजनाचं आणि नक्षीचं.

दंतचक्र
तुमच्यापुरतं सांगतो. ट्रेलरचे वर्षाला २,००० किमी धरा. पेट्रोल ४.५ आणि डिझेल ६ देईल असं मानलं तर ११० लिटर वाचतात, त्यापुढे नाही. गावातल्या फेऱ्या दहा किमीच्या आतल्या आणि थंड इंजिनावरच्या असतील, तर पेट्रोल घ्या. ट्रेलरचे किमी ८-१० हजारांवर जाणार असतील, तरच डिझेलच्या जादा किमतीचा हिशेब मांडायला बसा.