पीटेन: एन्झाइम आहे, पण कुठे?

एका वाचकाने विचारलंय की एन्झाइम शाबूत असेल, तर ते पेशीत कुठे आहे याने कर्करोगात काय फरक पडतो? फार पडतो. पीटेन (PTEN) या गाठींना आवर घालणाऱ्या एन्झाइमचंच बघा.

१९९७ साली सापडलेलं त्याचं जनुक आपल्या दहाव्या गुणसूत्रावर आहे. त्यापासून बनणारं एन्झाइम पेशीपटलाच्या आतल्या बाजूला पिप३ या मेदरेणूवरचा एक फॉस्फेट काढतं. पीटेन नसलं की पिप३ साचतं आणि एकेटी (AKT) हे पेशीला वाढायला लावणारं एन्झाइम जागं होतं, मग पेशी वाढत राहते आणि मरायचं टाळते. स्तनाच्या बऱ्याच गाठींत हेच चाललेलं असतं.

पण पीटेन केंद्रकातही जातं आणि तिथे गुणसूत्रं धड राखायला मदत करतं. आत जायला त्याच्या साखळीतल्या २८९व्या जागच्या लायसिन या अमिनो आम्लावर युबिक्विटिन हे छोटं प्रथिन चिकटणं महत्त्वाचं असतं. काउडेन सिंड्रोम या पीटेन जनुकातल्या दोषाच्या आनुवंशिक आजारात स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो. त्यात काही वेळा नेमका हाच लायसिन बदललेला आढळला आहे. एन्झाइम फॉस्फेट काढतंय, पण केंद्रकात नीट पोचत नाही! इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो.

म्हणून गाठीचा तुकडा तपासताना काचपट्टीवर पीटेन असल्याची खूण म्हणून तपकिरी रंग ‘आला’ एवढ्यावर थांबू नये असं मला ठामपणे वाटतं. केंद्रकात किती, बाहेर किती, हेही बघावं. अमेरिकेत २०२३मध्ये मान्यता मिळालेलं कॅपिवासर्टिब हे एकेटी रोखणारं स्तनाच्या कर्करोगाचं औषध देण्याआधी गाठीतल्या पीटेन जनुकातले बदल तपासतात, पण प्रथिन कुठे बसलंय हे जनुकचाचणी दाखवत नाही.