बागेच्या कडेला कोणती झुडपं लावलीत? नाशिककरांनो, अनुभव सांगा

पाथर्डी फाट्याला आमचं नवीन रो हाउस आहे, कंपाउंडला लागून साधारण चाळीस फुटांची पट्टी मोकळी पडलीये. तिथे कमरेएवढी झुडपं हवीत. घरात दिसेल ते तोंडात घालणारं दीड वर्षाचं बाळ आणि एक लॅब्रेडॉर. नर्सरीवाले म्हणतात कण्हेर नाहीतर गोल्डन डुरांटा लावा, पाणी कमी लागतं, मरत नाही. मला मात्र दिसण्याआधी सुरक्षित हवंय. ज्यांनी लावलंय, वाढवलंय, उपटून टाकलंय त्या सगळ्यांनी लिहा. माती काळी आहे.

गंगापूर रोडहून
ताई, कण्हेर अजिबात नको. मुळापासून फुलापर्यंत सगळं विषारी, आणि ते विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. छाटलेल्या फांद्या जाळल्या तर धूरसुद्धा वाईट. हायवेच्या दुभाजकात ठीक आहे, गुरं तोंड लावत नाहीत, पण बाळाच्या हाताशी नको म्हणजे नको. पिवळी, म्हणजे बिट्टी, तिच्या बिया तर फारच घातक आणि आपल्याकडे पोरं त्याच बियांनी खेळतात. डुरांटा सोसायट्यांमध्ये सारखा कातरतात म्हणून फळं दिसत नाहीत, घरी कातरणं राहिलं की पिवळ्या मण्यांचे घोस लागतात, मुलांना ते हमखास खावेसे वाटतात आणि ते विषारी असतात.

इंदिरानगरहून
माझं मत कुंतीला. आमच्या गेटपासून मागच्या नळापर्यंत कुंतीच आहे, कातरली की दाट होते, नाही कातरली की फुलते, आणि पाऊस पडून गेल्यावर रात्री जो वास सुटतो ना, येणारे-जाणारे थांबून विचारतात. कढीपत्त्याच्या कुळातली आहे. फक्त काळ्या मातीत पाणी तुंबून मुळं कुजतात, म्हणून खड्ड्यातल्या मातीत मुरूम आणि शेणखत मिसळा, वाफा अर्धा फूट उंच घ्या आणि दोन रोपांत अडीच फूट तरी ठेवा.

सिडकोतून
एक्झोरा विषारी नाही, पण आपल्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या पाण्यावर रुसतो. शिरा हिरव्या, बाकी पान पिवळं, कारण लोह असूनही झाडाला मिळत नाही. आमच्याकडे आता त्या जागी जास्वंद आहे आणि पुढे खालच्या ओळीला अबोली. जास्वंदीला पिठ्या ढेकूण येतो, कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यातून फवारते, आटोक्यात राहतो. शिंजीर रोज येतात.

देवळाली कॅम्पहून
कुत्रा आहे म्हणून खास लिहितोय. पामसारखं दिसतं म्हणून सगळे सायकस लावतात, पण ते कुत्र्यांच्या लिव्हरला मारतं, बिया सगळ्यात वाईट. शेजारच्या कुत्र्याने बी चघळलं, रात्रभर उलट्या, लगेच डॉक्टरकडे नेलं म्हणून वाचला. तो दिवस आठवला की अजून पोटात गोळा येतो.

मखमलाबादहून
आमच्याकडं बांधाला अडुळसा आन् मेंदी. अडुळसा कडू असतो, शेळ्या त्याच्या वाटेला जात नाहीत. कोरांटीपण चिवट, पिवळी फुलं झकास, पण काटे आहेत, ती बाळापासून लांब, रस्त्याच्या अंगाला लावा. घाणेरी मात्र नका लावू, आता तिचीच रंगीत जात लँटाना म्हणून कुंडीत विकतात. गुरानं खाल्ली तर कावीळ होती, उन्हात कातडी सोलून निघती जनावराची. कच्ची हिरवी फळं पोरांनाबी वाईट.

नाशिकरोडहून
मी नर्स आहे. शनिवारी मारुतीला वाहायला लोक घरीच रुई लावतात, तिचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, लगेच भरपूर पाण्याने धुवत राहा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. युफोर्बियाचंही तेच. मुलाने काही चघळलं असेल तर घरच्या घरी उलटी काढायला जाऊ नका. मीठ-पाणी नको. तोंडातलं काढा, त्या झाडाची फांदी पिशवीत घ्या आणि हॉस्पिटल गाठा, गाडी नसेल तर १०८ ला फोन. लक्षणं दिसायची वाट बघू नका, कृपा करून.

सातपूरहून
सगळ्यांनी झाडं सांगितली, मी जागेचं सांगते. भिंतीला चिकटून लावू नका, दीड-दोन फूट सोडा, मागून हात जायला हवा. जमिनीपासून वीतभर फांद्या काढत राहा, म्हणजे साप-विंचू असेल तर दिसतो. छाटलेला पाला तिथेच ढीग करून ठेवू नका. आणि रोप घेताना नाव लिहून घ्या, नुसतं "शोचं झाड" म्हणाले तर घेऊच नका.